चार दिवसांआड पाणी आणि 'कोरडा दिवस': सोलापुरात डेंगू थांबवायचा कसा?

निवृत्त सिस्टर (धागाकर्ती)

पावसाळा सरत आला की दरवर्षी तोच संदेश फिरतो: आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, घरातली सगळी भांडी रिकामी करा. सल्ला खरा आहे, पण तो रोज नळ येणाऱ्या गावाला धरून लिहिलेला आहे. आपल्याकडे कुठे तीन, कुठे चार-पाच दिवसांआड पाणी सुटतं, तेही कधी मध्यरात्री. पाणी सोडणारा चावीवाला कधी येतो म्हणून जागत बसलेल्या बाईला "भरलेलं पिंप ओतून टाका" म्हटलं तर ती मान हलवते आणि पिंप तसंच ठेवते. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

माझी सगळी नोकरी साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक आणि पुढे विडी घरकुलपर्यंत घरोघरी भांडी तपासत फिरण्यात गेली. बॅटरी मारून पिंपात बघायचं, अळ्या दिसल्या की वहीत नोंद करायची. त्यातून जे कळलं ते इथे लिहून ठेवते. कुणाच्या उपयोगी पडलं तर बरं.

डेंगूचा डास, एडिस, गटारात वाढत नाही. त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या कडेला चिकटवते. भांडं कोरडं पडलं तरी ती अंडी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी वर चढून त्यांना भिजवलं की फुटतात. म्हणून नुसतं ओतून परत भरलं तर काम अर्धंच होतं. कड घासली पाहिजे. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस लागतात. तेवढ्या आत कड एकदा घासली गेली की ती पिढी तिथेच संपली.

हे पाण्याच्या पाळीला जोडता येतं. नळ येण्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत बहुतेक घागरी, कळश्या, बादल्या तळाला गेलेल्याच असतात. तेव्हाच काथ्याने किंवा तारेच्या घासणीने कड आणि तळ घासायचा, तांब्याभर पाण्याने खंगाळून ते पाणी मातीत किंवा संडासात टाकायचं. यात पाणी वाया जात नाही.

खरी अडचण वेगळ्याच भांड्याची असते. प्रत्येक घरात एक "अडीअडचणीचं" पिंप असतं. कोपऱ्यात, मोरीच्या मागे, जिन्याखाली. पाणी आलं नाही तर असावं म्हणून ते भरून ठेवतात. ते वापरत कुणीच नाही, पाळी आली की फक्त वरून काठोकाठ करतात. मला सगळ्यात जास्त अळ्या तिथे मिळाल्या. रोजच्या वापराच्या हंड्यात क्वचितच. तेव्हा नियम एकच: जुनं पाणी आधी वापरायचं. या पाळीला हे पिंप राखीव, तर पुढच्या पाळीला दुसरं. राखीव पाणी असू द्या, पण तेच तेच पाणी महिनोन्‌महिने नको.

झाकण नसेल तर जुन्या सुती साडीचं किंवा धोतराचं फडकं ताणून दोरीने घट्ट बांधा. मधे झोळ पडून पाण्यात बुडायला नको. जमिनीतला हौद रिकामा करणं शक्य नसतं, त्यात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा. गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लोच्या नळीला जाळी. आणि सोलापूरच्या उन्हाळ्याने घरोघर आणलेला कूलर: पावसाळ्यात बंद पडून राहतो, तळाशी चार बोटं पाणी राहतं. तो ओतून, घासून, पुसून ठेवा.

---

जुळे सोलापूरकर

सिस्टर, उत्तम धागा. एक शंका. आमच्या कॉलनीत कुणाला डेंगू झाला की पहिली मागणी धुराच्या गाडीची होते. एकदा गाडी फिरली की लोक निर्धास्त. तिचा उपयोग कितपत?

---

निवृत्त सिस्टर

उपयोग आहे, पण थोडा. धुराने उडते डास मरतात. अळ्या आणि अंडी पाण्यात शाबूत राहतात, म्हणजे आठवड्याने नवी फौज तयार. शिवाय हा डास घरात राहतो. पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे, देवघराच्या कोनाड्यात. गाडी आली की आपण खिडक्या लावून घेतो आणि धूर रस्त्यावर फिरून जातो. गाडी येईल तेव्हा दारं-खिडक्या उघडी ठेवा, अन्न झाका, दम्याच्या माणसाला तेवढा वेळ दुसरीकडे न्या.

रुग्ण निघाला की गाडीपेक्षा दोन गोष्टींची घाई करा. एक, आजूबाजूच्या घरांतली भांडी तपासा. हा डास लांब उडत नाही, बहुधा शे-दोनशे मीटरच्या आतच त्याचं आयुष्य जातं. रुग्णाला चावलेला डास त्याच गल्लीतला असतो. दुसरी गोष्ट फार कमी लोक करतात: रुग्णाला दिवसा मच्छरदाणीत झोपवा. तापाचे पहिले चार-पाच दिवस त्याच्या रक्तात विषाणू असतो. तेव्हा चावलेला डास आठ-दहा दिवसांनी दुसऱ्याला रोग देण्याच्या लायकीचा होतो आणि मरेपर्यंत तसाच राहतो. मच्छरदाणी इथे घरातल्या बाकीच्यांसाठी असते. हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त. रात्रीची मच्छरदाणी मलेरियाला उपयोगी, डेंगूला पुरत नाही.

---

होटगी रोड

माफ करा, पण थोडं कडवट बोलतो. सगळा भार बायकांच्या घासणीवरच का? उजनी ११७ टीएमसीचं धरण, आपल्याच जिल्ह्यात, शंभरेक किलोमीटरवर. रोज तासभर पाणी आलं तर कोण कशाला पिंपं भरून ठेवेल? डेंगू हा पाणीपुरवठ्याचा आजार आहे. घरोघरी बॅटरी मारून नागरिकाला नोटीस देणं सोपं असतं, म्हणून तेच होतं.

---

निवृत्त सिस्टर

तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. नियमित पाणी हा डेंगूवरचा सगळ्यात मोठा उपाय आहे, ते मागत राहिलंच पाहिजे. त्यात एक भर घालते: रोज नाही जमलं तरी वेळ पक्की असली तरी फरक पडतो. लोक चार दिवसांचं पाणी साठवत नाहीत, पाचव्या-सहाव्या दिवशीच्या भीतीचं साठवतात. अमुक वारी अमुक वाजता येणार याची खात्री असेल तर ते कोपऱ्यातलं पिंप कुणीच भरणार नाही.

पण जलवाहिनीला वर्षं लागतात आणि अळीला आठ दिवस. म्हणून घासणी. आणि ती घरातल्या पुरुषांनीही हातात घ्यावी, हे तुमच्या निमित्ताने लिहून टाकते.

---

मागवाला

सिस्टर नमस्कार. आम्ही पूर्व भागातले, घरात यंत्रमाग हायत. खाली माग, वर राहणं. तुम्ही घरातलं सांगितलं, पण कारखान्यात कोण बघायलंय? कामगारांच्या हातपाय धुवायच्या पाण्याचे ड्रम कायम उघडे. माणूस बारा तास उभा, दिवसभर डास चावायलेत. तिथून ताप घेऊन माणूस घरी जातो आणि म्हणायलेत घरात डास झाले.

अजून एक विचारायचं होतं. आमच्याकडचा एक कामगार महिनाभर खोकायलाय. सगळे म्हणायलेत सुताची धूळ हाय, गूळ खा. टीबी असंल का?

---

निवृत्त सिस्टर

तुमचा पहिला मुद्दा फार महत्त्वाचा आहे. डास दिवसा चावतो आणि दिवसा माणसं कामावर, शाळेत, अंगणवाडीत असतात. कारखान्यात पाळी बदलताना ड्रम घासण्याचं काम एकाकडे नेमून द्या, झाकणं बसवा.

दुसऱ्या प्रश्नावर: दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकीची तपासणी झालीच पाहिजे, मग कारण धूळ वाटो, विडी वाटो की हवा. सुताच्या आणि तंबाखूच्या धुळीने खोकला होतो हे खरं. तीच तर पूर्व भागातली अडचण आहे. मागावरच्या आणि विडी वळणाऱ्या घरांत खोकला इतका रोजचा की टीबी महिनोन्‌महिने त्याच्या आड लपतो. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, भूक मंदावणं, रात्री घाम, थुंकीत रक्त, यातलं काही असेल तर उद्याच्या उद्या न्या. तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

टीबी ताटाने, कपड्याने, हस्तांदोलनाने पसरत नाही. खोकताना उडालेले बारीक कण हवेत तरंगत राहतात आणि बंद खोलीत दुसरा ते श्वासात घेतो. धागा तुटू नये, वाऱ्याने सूत हलू नये म्हणून मागाच्या खोल्या बंद ठेवतात, हे मला माहीत आहे. निदान जेवायची आणि विश्रांतीची जागा उघडी, हवेशीर असू द्या.

औषध नीट सुरू झालं की काही आठवड्यांत रुग्णापासून पसरण्याचा धोका खूप कमी होतो. म्हणून त्याला कामावरून कायमचं काढू नका, नाहीतर पुढचा माणूस खोकला लपवील. कोर्स साधारण सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं आणि तिथेच लोक गोळ्या सोडतात. अर्धवट औषधाने जंतू मुरतो आणि मग साध्या गोळ्यांना दाद देत नाही. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिना १,००० रुपये खात्यात येतात, तेही त्याला सांगा. घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी करून घ्या. त्यांना आजार नसला तरी प्रतिबंधक गोळ्या मिळतात.

---

अवंती

माझ्या भावाचा डेंगू पॉझिटिव्ह आलाय. काल रात्री ताप उतरला, आम्ही सगळे सुटलो म्हणालो. पण आज तो एकदम मलूल आहे, पोट दुखतंय म्हणतो. प्लेटलेट ९०,००० आहेत. शेजारच्या काकू पपईच्या पानाचा रस द्या म्हणतात. देऊ का?

---

लॅबवाला

अवंती, धागा बंद करा आणि भावाला आत्ता दवाखान्यात न्या. हे आधी करा, बाकीचं नंतर वाचा.

इतरांसाठी लिहितो, मी रक्ततपासणीच्या कामात आहे. डेंगूत ताप उतरतो तेव्हा धोका संपत नाही. ज्यांना गंभीर होतो त्यांचा तो तेव्हाच सुरू होतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरल्यावरचे २४ ते ४८ तास. या काळात रक्तवाहिन्यांतून रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, रक्तदाब पडतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळं शौच, हातपाय गार, लघवी कमी, माणूस सुस्त किंवा चिडचिडा, यातलं एकही दिसलं तर थांबायचं नाही.

लोकांचं सगळं लक्ष प्लेटलेटवर. डॉक्टर सोबत हिमॅटोक्रिट बघतात, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय ते. आकडा खाली आला म्हणून लगेच प्लेटलेटची पिशवी चढवत नाहीत. रक्तस्राव असेल किंवा आकडा फारच, १०,००० च्या आसपास, पडला असेल तर विचार होतो. जीव वाचतो तो वेळेवर आणि मोजून दिलेल्या सलाईनने. पपईच्या पानाने जीव वाचतो असा भक्कम पुरावा नाही, आणि उलट्या होणाऱ्या माणसाला कडू रस पाजला तर उलट्या वाढतात.

तपासणीचं वेळापत्रक: पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (रक्तातला विषाणूचा अंश शोधते), पाचव्या दिवसानंतर आयजीएम (शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं शोधते). सातव्या दिवशी एनएस१ निगेटिव्ह आली म्हणून डेंगू नाही असं होत नाही. झटपट कार्डापेक्षा प्रयोगशाळेतली एलायझा तपासणी खात्रीची. आणि तापाला फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखी फार होते म्हणून मेडिकलमधून ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन आणू नका, रक्तस्राव वाढतो.

---

निवृत्त सिस्टर

लॅबवाल्यांना पूर्ण अनुमोदन. एक जोडते: डेंगूचे चार प्रकार आहेत. एकदा झाला की त्या एका प्रकारापासून संरक्षण मिळतं. दुसऱ्या प्रकाराचा झाला तर तो जास्त गंभीर होण्याची शक्यता असते. "मला होऊन गेलाय" म्हणणाऱ्याने जास्त जपायला हवं.

---

नळजोड

मी नळजोडणीची कामं करतो. डासांचं तुम्ही सांगितलंत, पाण्याच्या आतलं मी सांगतो.

चार दिवस पाईप रिकामा असतो. रिकाम्या पाईपला जिथे भोक, गंजलेला सांधा, सैल जोड असेल तिथून बाहेरचं पाणी आत शिरतं. जुन्या पेठांत नळाचे पाईप कित्येक ठिकाणी गटारातूनच गेलेत. पाणी सुटलं की आत शिरलेली घाण पहिल्या लोंढ्याबरोबर घरात. त्यात भर म्हणजे नळाला थेट लावलेली मोटर. मोटर ओढायला लागली की पाईपमध्ये पोकळी होते आणि फुटक्या सांध्यातून गटार आत खेचलं जातं. एका घराची मोटर, गल्लीभर कावीळ. मी गिऱ्हाईकाला हे तोंडावर सांगतो. पाणी आधी जमिनीवरच्या टाकीत पडू द्या, मग मोटरने वर चढवा.

पहिली पाच-दहा मिनिटं गढूळ, वास मारणारं पाणी येतं ते पिण्याच्या भांड्यात घेऊ नका. फरशीला, संडासला वापरा. गल्लीत दोन-तीन घरांत एकदम जुलाब किंवा कावीळ निघाली तर सगळ्यांनी मिळून लेखी तक्रार करा, कुठल्या घरापासून कुठल्या घरापर्यंत ते लिहा. त्यावरून गळती शोधायला सोपं जातं.

---

निवृत्त सिस्टर

नळजोड, तुमचा प्रतिसाद सगळ्यांनी जपून ठेवावा असा आहे. विषमज्वर, कॉलरा, हिपॅटायटिस ए आणि ई, सगळे याच वाटेने येतात. ई ची कावीळ गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, जिवावर बेतू शकते. घरात गरोदर असेल तर पाणी उकळूनच. खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर ठेवलं तरी पुरे.

टीसीएल पावडरचं, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरचं, प्रमाण नेहमी विचारतात. चांगल्या, ताज्या पावडरीला १,००० लिटरला अडीच ग्रॅम. थोड्या पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी टाकीत टाका, तासभर थांबा. उघड्या पिशवीत महिनोन्‌महिने पडलेल्या पावडरीत दम राहत नाही. नळापाशी पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असायला हवं; ओटी तपासणीत (ऑर्थोटोलिडिन द्रावणाचे थेंब टाकून) पाणी पिवळसर झालं की क्लोरिन आहे असं समजा. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. जारचं पाणी गार असतं, म्हणून ते शुद्ध असतंच असं नाही.

आणि इथे फार घोटाळा होतो, म्हणून वेगळं लिहिते. टीसीएलच्या या प्रमाणाने अळ्या मरत नाहीत. कर्मचारी पिंपात टाकतात ते अबेट हे अळ्या मारायचं औषध, ते जंतू मारत नाही. दोन्ही वेगळी कामं आहेत. अबेट टाकलेलं पाणी लोक घाबरून ओतून देतात; नेमलेल्या प्रमाणात ते वापराच्या पाण्यात चालतं.

---

भीमातीर

पंढरपूरहून लिहितोय. इथे आषाढीला लाखो माणूस येतं. एकोणिसाव्या शतकात वारीतून कॉलरा गावोगाव जायचा, परतीच्या वाटेवर दिंड्यांत माणसं जायची. मरीआईचा गाडा वेशीपार ढकलायची रीत त्या भीतीतूनच आली. तुमच्या सोलापुरात तर मरीआई चौकच आहे. आता वारीच्या वाटेवर विहिरी आणि टँकरमध्ये टीसीएल टाकतात, पाण्याचे नमुने तपासतात, फिरते दवाखाने असतात. एवढ्या गर्दीत साथ उठत नाही ती त्यामुळे. या कामाचं कौतुक फार कमी होतं.

जुलाबावरचं एक औषध आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना यावं: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चहाचा चमचा. मीठ जास्त नको. १९७१ च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच साखर-मिठाचं पाणी पाजायला लावलं आणि कॉलऱ्याचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

---

निवृत्त सिस्टर

भीमातीर, धन्यवाद. लहान मुलांना ओआरएसबरोबर १४ दिवस झिंक द्या, जुलाब थांबले तरी. अंगावरचं दूध बंद करू नका. जुलाबात पाणी तोडायची जुनी समजूत अजून कानावर येते, तिच्यापायी मुलं दगावतात.

---

अवंती

भावाला दाखल केलं. सलाईन चालू आहे, रक्तदाब आता ठीक आहे, डॉक्टर म्हणाले वेळेवर आणलंत. तुम्हा दोघांचे आभार कसे मानू कळत नाही. घरी आल्यावर आधी जिन्याखालचं पिंप बघितलं. अळ्या होत्या.

---

निवृत्त सिस्टर

फार बरं वाटलं, अवंती. पिंपातलं पाणी गटारात ओतू नका, कोरड्या मातीवर ओता, अळ्या तिथेच मरतात. आणि कड घासायला विसरू नका. शेजारच्या घरांनाही आजच सांगा.

---

जुळे सोलापूरकर

सिस्टर, आमच्या सोसायटीत मोठा हौद आहे आणि गप्पी सोडायचं ठरलंय. मागच्या वेळी कुणीतरी सोडलेले दुसऱ्याच दिवशी मेले. आणि शेजारचा एक बंगला वर्षभर बंद आहे, त्याच्या टाकीचं काय?

---

निवृत्त सिस्टर

मेले ते बहुतेक क्लोरिनने. नळाचं पाणी नुकतं पडलेल्या हौदात मासे सोडू नका, एक दिवस जाऊ द्या. हिवताप विभागाकडून मासे मिळतात. आणलेली पिशवी न उघडता आधी अर्धा तास हौदातच तरंगत ठेवा, पाण्याचं तापमान सारखं झालं की सोडा. पाण्याच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला पाच ते दहा मासे पुरतात, ते पुढे आपोआप वाढतात. वरून कणीक, मुरमुरे टाकू नका. पोट भरलं की ते अळ्या खात नाहीत. हौद धुवायचा असेल तेव्हा आधी जाळीने मासे बादलीत काढा. विहीर, नदी, तळ्यात मात्र ते सोडू नका, तिथल्या मूळच्या माशांना ते त्रासदायक ठरतात.

बंद बंगल्याच्या मालकाला फोन करून किल्ली मागवा आणि टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करून झाकण दोरीने बांधा. तो दाद देत नसेल तर सोसायटीच्या पत्रावर आरोग्य निरीक्षकांना कळवा, पत्राची पोच घ्या. जाताना त्या बंगल्याच्या कुंड्यांखालच्या बशा आणि गच्चीवर पडलेले टायरही बघून घ्या.